थर्सो ईस्ट: थंड पाणी, फरशीवरची लाट आणि अर्धा सेकंद

खाडीकाठचा (ऐरोली)

मध्ये इथे एकाने विचारलं होतं, की मुल्कीला (मंगळूरजवळ) चार-पाच वर्षं सर्फिंग झालंय, आता स्कॉटलंडला बदली होतेय, तर थर्सोला जाऊ का? मी घाईत "इतक्यात नको" एवढंच लिहिलं. ते उत्तर मला तेव्हापासून टोचतंय. नको म्हणणाऱ्याने का नको, आणि कधी हो, हेही सांगायला हवं. म्हणून हा वेगळा धागा.

आधी माझं सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा. २०१३ साली मुल्कीला शिकलो. पुढे चेन्नईजवळचं कोवलम, मग श्रीलंकेत हिक्काडुवाला दोन मोसम, तिथे पायाखाली खडक असण्याची सवय झाली. नंतर कामानिमित्त दीड वर्ष एडिंबरोला होतो. तेवढ्यात थर्सोला तीनदा गेलो. एकदा मार खाल्ला, एकदा पाण्यात न उतरताच परत आलो आणि एकदा आयुष्यभर पुरेल अशी लाट मिळाली.

थर्सो हे ब्रिटनच्या मुख्य भूमीच्या उत्तर टोकाजवळचं लहान गाव. रेल्वेने इन्व्हर्नेसहून जवळपास चार तास. गावातून त्याच नावाची नदी येते आणि समुद्राला मिळते. मुखाच्या पूर्वेला एका किल्ल्याचे पडके अवशेष आहेत, त्यांच्या पुढ्यात ही लाट फुटते. उजवी लाट, म्हणजे लाटेवर स्वार होऊन किनाऱ्याकडे तोंड केलं की ती आपल्या उजव्या हाताला उलगडत जाते. इथे १९८१ साली युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा झाली होती आणि २००६ पासून काही वर्षं जागतिक पात्रता मालिकेतली स्पर्धाही भरायची, तीही वसंतातल्या गारठ्यात.

लाट इतकी नेटकी का, तर खालच्या दगडामुळे. केथनेस भागातला हा दगड थराथराचा आहे. आपल्या जुन्या वाड्यांत शहाबादी फरशी असते ना, तसे सपाट थर एकावर एक. या दगडाच्या लाद्या काढून एके काळी जहाजांनी दूरदूरच्या शहरांतल्या रस्त्यांना पाठवल्या जात. तीच फरशी पाण्याखाली उतरत गेली आहे. वाळूचा बांध प्रत्येक वादळानंतर जागा बदलतो, आज इथे फुटणारी लाट पुढच्या आठवड्यात पन्नास पावलं सरकते. फरशी हलत नाही. त्यामुळे योग्य दिशेचा स्वेल (दूरच्या वादळातून चालत आलेल्या लाटांची रांग) आला की लाट त्याच जागी, त्याच वळणाने उठते. आणि फार अचानक उठते.

ते अचानक का, हे समजून घ्या, कारण सगळा धोका त्यातच आहे. उत्तर अटलांटिकात वादळ झालं की तिथून निघालेल्या लाटा वाटेत नीटनेटक्या होत येतात. दोन लाटांमधलं अंतर १४ सेकंदांचं असेल, तर खोल समुद्रात त्या लाटेची लांबी ३०० मीटरच्या आसपास भरते. एवढी लांब लाट १५० मीटर खोलीपासूनच तळ चाचपू लागते. ती सावकाश भरत येते आणि शेवटी तिच्यापुढे उथळ फरशी येते. खालचा भाग अडतो, वरचा अडत नाही, म्हणून ती एकदम उभी राहून कोसळते. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्र खवळलेला दिसतो, पण तो बराचसा तिथल्या तिथे वाऱ्याने ढवळलेला असतो, लाटांना धड ओळ नसते. आपल्याकडची लाट तुम्हाला विचार करायला वेळ देते. थर्सोला नाही देत.

आता थंडी. मार्चमध्ये तिथलं पाणी सहा-सात अंशांवर असतं. मुल्कीचं २८-२९. मी पाच मिलिमीटरचा, डोक्यावर टोपी जोडलेला वेटसूट, पायांत पाच मिलिमीटरचे बूट आणि जाड हातमोजे घालून उतरलो. पहिल्या दिवशी मात्र उतरलोच नाही. गाडीत बसून दोन तास बघत राहिलो. मोठ्या लाटांचा संच किती वेळाने येतो, त्यात किती लाटा असतात, तिथली मुलं पाण्यात कुठून शिरतात, लाट हुकली तर कुठल्या बाजूने निघतात. ते दोन तास माझ्या सगळ्या सहलीतले सगळ्यात उपयोगी तास ठरले.

दुसऱ्या दिवशी नदीच्या मुखातून गेलो. प्रवाहच बाहेर ओढून नेतो, हातांना कष्ट कमी. नदी दलदलीच्या पठारावरून येते, त्यामुळे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. पहिल्या लाटेखालून डक-डाइव्ह केला, म्हणजे बोर्डासकट बुडी मारून पलीकडे निघालो, आणि कपाळ दोन्ही बाजूंनी पकडीत धरून आवळल्यासारखं झालं. ते दहा-पंधरा सेकंदांत ओसरतं. दोन लाटा मिळाल्या, छान मिळाल्या. सव्वा तास झाला. अंगात ऊब होती, दम होता, म्हटलं अजून एक.

त्या एकीने दाखवलं. मी नेहमीसारखा हात मारला, नेहमीसारखा उठलो, पण लाट माझ्याआधी उभी राहिली होती. बोर्डाचं नाक खाली गेलं, मी पुढे फेकला गेलो आणि डावा खुबा फरशीवर आपटला. वर आलो तर पुढची लाट समोर. लीश (पाय आणि बोर्ड जोडणारी दोरी) पकडून बोर्ड ओढायला गेलो तर बोटं मिटेनात. दुखत नव्हती, सुन्नही वाटत नव्हती, फक्त मिटत नव्हती. कसाबसा पोटावर पडून फेसातून खोल पाण्यात सरकलो आणि बाहेर आलो. गाडीची किल्ली कुलपात फिरवता येईना. शेजारच्या गाडीतल्या माणसाने काही न विचारता माझे हातमोजे ओढून काढले, दार उघडलं आणि मला आत बसवलं.

त्या रात्री सुजलेल्या खुब्यावर बर्फ ठेवून मी एकच हिशोब करत होतो. थंडीची भीती मला नव्हती, तयारी केली होती. थंडीने मला घाबरवलं नाहीच. तिने मला अर्धा सेकंद उशीर करायला लावला आणि त्याची खबर लागू दिली नाही. वाळूवर अर्धा सेकंद उशीर झाला तर नाकातोंडात पाणी जातं. फरशीवर हाड जातं. "अनुभवी लोकांसाठीची लाट" असं लिहिलेलं असतं त्याचा मी लावलेला अर्थ हा, की तो अर्धा सेकंद आधीच वजा करून जो पाण्यात उतरतो आणि शिल्लक संपायच्या आत बाहेर येतो, त्याच्यासाठी.

विचारा काय विचारायचं ते. जमेल तेवढं सांगेन.

खारघर_टेकडी

सविस्तर लिहिलंत, आभार. एक मुद्दा मात्र पटत नाही. मी दरवर्षी मुल्कीला जातो आणि दोनदा मालदीवला रीफवर सर्फ केलंय. प्रवाळावर पडणं हे फरशीवर पडण्यापेक्षा वाईट. प्रवाळ कापतो, जखम पिकते. सपाट दगड त्या मानाने बरा. ज्याला मालदीव जमतं त्याला थर्सो का नाही जमणार? राहता राहिली थंडी, तर चांगला सूट घेतला की झालं.

खाडीकाठचा

प्रवाळाबद्दल तुमचं खरं आहे, जखमा तिथे जास्त होतात. सुटाबद्दल मात्र थांबा.

सूट म्हणजे रबराचा फेस. त्यात वायूचे बारीक बुडबुडे असतात, ते उष्णता अडवतात. १९५२ च्या सुमारास बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी ही कल्पना मांडली आणि आजही तत्त्व तेच आहे. ऊब त्या बुडबुड्यांची, म्हणून जाडी वाढवावी तशी ऊब वाढते. पण त्याच जाडीशी तुमचे खांदे दर हातामागे झगडतात. पाच मिलिमीटरचं रबर घालून दोनशे हात मारा आणि मग नुसत्या रॅशगार्डवर (पातळ पोहण्याच्या टी-शर्टवर) दोनशे मारा. वजन वाढतं, बोर्ड पाण्यात जरा जास्त बसतो, पायांना बुटांतून बोर्ड नीट कळत नाही. मी मुल्कीचाच सहा फुटी बोर्ड घेऊन गेलो होतो, ती चूक होती. तिसऱ्या खेपेला दोन-तीन इंच लांब आणि जरा जाड बोर्ड घेतला, तेव्हा लाटेत वेळेवर शिरता आलं.

आणि सूट नवा असो की जुना, शिवणी तपासा. मी पहिल्यांदा भाड्याने घेतलेल्या सुटाची काखेतली शिवण उसवलेली होती. दुकानात कोरड्या अंगावर ते लक्षात आलं नाही. प्रत्येक डक-डाइव्हला तिथून थंड पाण्याची धार आत यायची. सव्वा तासात माझी बोटं गारठली, त्याला तेही कारण होतंच.

म्हणून माझ्या मते क्रम असा असावा. खडक आधी गरम पाण्यात शिकायचा, तो तुमचा झालाय. थंडी आधी वाळूवर शिकायची. थर्सोच्या जवळच डनेट बे आहे, मैलोगणती वाळू. तिथे दोन-तीन दिवस घाला. आपले हात किती मिनिटांनी जड होतात, बोटं कधी ऐकेनाशी होतात, हे घड्याळ लावून बघा. तो आकडा प्रत्येकाचा वेगळा. माझा साधारण पन्नास मिनिटं निघाला. त्यानंतर फरशीवर मी चाळिसाव्या मिनिटाला बाहेर येतो, लाटा कितीही चांगल्या असोत.

खारघर_टेकडी

हे पटलं. पन्नास मिनिटांचा हिशोब करून बघावा असं कधी सुचलंच नव्हतं, गरम पाण्यात गरजच पडत नाही. बोर्डाचंही लक्षात ठेवतो.

पाचपाखाडी_ओपीडी

मी डॉक्टर आहे, सर्फर नाही. पण "दुखत नव्हती, फक्त मिटत नव्हती" हे वाक्य वाचून लिहायला बसले.

पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता काढून नेतं. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक शिरलं की पहिल्या मिनिटात धाप लागते, श्वास आपोआप आत ओढला जातो. डोकं पाण्याखाली असताना असा श्वास ओढला गेला तर पाणी फुप्फुसात जातं. ही धाप दोन-तीन मिनिटांत ओसरते, म्हणून तोवर काठाजवळ शांत राहायचं, तोंड-मान भिजवून घ्यायची आणि मगच पुढे. त्यानंतर हळूहळू हातापायांच्या नसा आणि स्नायू थंड होतात. तुमची बोटं त्या टप्प्यावर होती. शरीराचं आतलं तापमान तेव्हा ठीक असू शकतं, म्हणून माणसाला आपण ठणठणीत आहोत असं वाटतं. हे फसवं आहे.

बाहेर आल्यावरचंही लिहिते. पाण्याबाहेर पडल्यानंतरही काही वेळ आतलं तापमान घसरत राहतं. लगेच कढत शॉवरखाली उभं राहू नये. त्वचेच्या रक्तवाहिन्या एकदम उघडतात, रक्तदाब पडतो आणि चक्कर येऊ शकते. आधी ओलं काढायचं, अंग कोरडं करायचं, कोरडे कपडे वरून खाली चढवायचे, टोपी घालायची, गोड गरम चहा प्यायचा. कुडकुडणं थांबवू नये, शरीर त्यातूनच ऊब तयार करतं. आणि थरथर थांबली पण माणूस असंबद्ध बोलतोय, पेंगतोय असं दिसलं, तर ती इमर्जन्सी आहे.

वर्षानुवर्षं थंड पाण्यात जाणाऱ्यांच्या कानाच्या नळीत हाड वाढतं. पाणी अडकून जंतुसंसर्ग होत राहतो, ऐकू कमी येतं. कानात प्लग घालणं एवढाच साधा उपाय आहे. आणि ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी या भानगडीत पडूच नये.

खाडीकाठचा

डॉक्टर, मनापासून आभार. कढत शॉवरची चूक मी केली होती आणि भिंतीला धरून खाली बसलो होतो. तेव्हा वाटलं खुब्याच्या दुखण्याने झालं.

दिवाळे_बंदर

आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी. सर्फिंगमधलं मला काही कळत नाही, पण पाण्याचं थोडंफार कळतं. तुम्ही भरती-ओहोटीचं काहीच लिहिलं नाहीत. खडपावर लाट फुटते म्हणता तर उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी) आणि भांगाला (अष्टमीच्या आसपासची लहान) तिचा रंग वेगळाच असणार. वारा कुठला लागतो? आमच्याकडे पहाटेचा मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा, सुटला की पाणी काचेसारखं होतं, दुपारी खारा वारा चढला की सगळं मोडतं.

खाडीकाठचा

दादा, तुम्ही दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

थर्सोच्या शेजारी स्क्रॅबस्टर बंदर आहे. तिथे उधाणाला पाणी साधारण चार मीटर चढतं-उतरतं. म्हणजे आपल्या ठाणे खाडीत उधाण बघितलेल्या माणसाला आकडा ओळखीचा वाटेल. भांगाला त्याच्या निम्म्याच्या आसपास. आता फरशी जागची हलत नाही म्हटल्यावर तिच्यावरचं पाणीच कमी-जास्त होणार. ओहोटी तळाला गेली की लाट जास्त पोकळ आणि जास्त कडक होते, फरशी अगदी पोटाखाली येते. भरती अर्ध्यावर आली की लाटेला जरा मऊपणा येतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने भांगाचे दिवस धरावेत आणि अर्धी भरती चढत असताना उतरावं, म्हणजे प्रत्येक मिनिटाला पायाखालचं पाणी वाढत जातं. मी आपटलो तो दिवस उधाणाचा होता आणि पाणी उतरत होतं. सव्वा तासापूर्वी ज्या जागी अंगाखाली छातीभर पाणी होतं, तिथे कमरेएवढंही उरलं नव्हतं. हे मला दुसऱ्या दिवशी वेळापत्रक बघताना कळलं.

वाऱ्याचं तुम्ही म्हणता तसंच. तिथला समुद्र उत्तरेला आहे, म्हणून दक्षिणेकडून येणारा वारा हा त्यांचा मतलई. तो लाटेच्या तोंडावर वाहतो, लाट उभी धरून ठेवतो. स्वेल मात्र वायव्येकडून किंवा उत्तरेकडून हवा. फरक एवढाच, की आपला मतलई रोज पहाटे घड्याळ लावल्यासारखा येतो. तिथे वाऱ्याला असा दिनक्रम नसतो, तो जाणाऱ्या-येणाऱ्या वादळांप्रमाणे फिरतो. दुसऱ्या फेरीत चार दिवस थांबलो, चारही दिवस उत्तरेचा वारा, समुद्र नुसता मोडलेला. तीच ती न उतरताच परत आलेली खेप.

दिवाळे_बंदर

उतरत्या पाण्यात खडपाजवळ होडी नेऊ नये असं वडील सांगायचे. माणसालाही तेच लागू.

तलावपाळी

एक भाबडा प्रश्न. इथे ठाण्यात बसून याची काही तयारी करता येते का? इथे ना लाट, ना थंडी.

खाडीकाठचा

प्रश्न भाबडा नाही, मी हीच तयारी इथे करतो. तरणतलावात पोहणं, पण नुसत्या फेऱ्या मारणं नव्हे. पन्नास मीटर जोरात आणि लगेच श्वास नीट लागायच्या आत पुन्हा पन्नास. लाटांचा संच अंगावर येतो तेव्हा असंच होतं. श्वास रोखण्याचा सराव पाण्यात एकट्याने कधीच करू नका, माणूस न सांगता बेशुद्ध होतो. तो घरी गादीवर झोपून करा. खांद्यांसाठी रबरी पट्टे.

आणि पडायला शिका. हे सगळ्यात दुर्लक्षित. उथळ पाण्यावर उडी मारायची नाही, सूर तर नाहीच नाही. हातपाय पसरून सपाट पडायचं, पोटावर नाहीतर पाठीवर, म्हणजे खोल जात नाही. पाण्यात गेल्यावर दोन्ही हातांनी डोकं झाकायचं. वर येताना एक हात पुढे. पाय टेकवून उभं राहायचा मोह टाळायचा, फटीत घोटा अडकला आणि वरून लाट आली तर पाय मोडतो. मी हे मुल्कीच्या वाळूवर मुद्दाम शेकडो वेळा केलंय. त्या दिवशी नाक खाली गेलं तेव्हा फेकला गेलो तरी डोकं झाकलेलं होतं, म्हणून खुब्यावर निभावलं.

कोपरीची_मावशी

मी हा धागा सकाळपासून तिसऱ्यांदा वाचतेय. माझा भाचा ग्लासगोला शिकतो. त्याला सर्फिंगचं वेड लागलंय, दोन वर्षं झाली, तिकडेच वाळूच्या किनाऱ्यांवर शिकला. त्याचे मित्र मेमध्ये थर्सोला जायचं म्हणताहेत. बहीण घाबरून गेलीय. मी पाण्यातली बाई नाही, तुम्ही सांगाल ते त्याला कळवेन. जाऊ द्यावं का?

खाडीकाठचा

मावशी, भाच्याची एक बाजू चांगली आहे, थंडी त्याने वाळूवर पाहिलीय. खडक पाहिलेला नाही. माझं प्रामाणिक मत, जाऊ द्या, पण थर्सो ईस्टवर उतरण्यासाठी नको. मित्रांबरोबर जावं, डनेट बेला मनसोक्त सर्फ करावं आणि एक दिवस किल्ल्यापाशी बसून ती लाट बघावी. दिवसभर बघावी. मेमध्ये तिथे उजेडही भरपूर असतो. डिसेंबरात जेमतेम सहा-साडेसहा तास मिळतात.

त्याला तीन गोष्टी विचारा. डोक्याएवढ्या लाटेवर दहापैकी आठ वेळा न अडखळता उठतोस का? लीश तुटली, बोर्ड गेला, तर त्या कपड्यांत पोहत किनाऱ्याला येशील का? आणि पाण्यात मित्र असताना, त्यांच्यासमोर, "आज मी नाही उतरत" म्हणता येतं का? तिसऱ्याला तो अडखळला तर पहिल्या दोघांचं उत्तर काहीही असो, अजून वेळ आहे.

तिथे किनाऱ्यावर जीवरक्षक बसलेले नसतात. स्क्रॅबस्टरला लाइफबोट आहे, ९९९ फिरवून कोस्टगार्ड मागायचा. हा नंबर पाण्यात न उतरणाऱ्या एकाकडे, चार्ज असलेल्या फोनसह असावा.

अजून एक, याने धोका टळतो आणि माणुसकीही राहते. तिथली जागा लहान आहे. लाट उठते त्या टोकाच्या सगळ्यात जवळ जो असेल त्याची ती लाट, दुसऱ्याने त्यात घुसायचं नाही. गाडी भरून सहा जण एकदम पाण्यात गेले तर तिथल्या लोकांना त्रास होतो आणि गर्दीत आपटाआपटी होते. दोघादोघांनी जावं, आधी कडेला बसावं, हसून नमस्कार करावा. माझे हातमोजे ओढून काढणारा माणूस आदल्या दिवशी मला दोन तास बघत बसलेला पाहून गेला होता.

खारघर_टेकडी

आणि ती आयुष्यभर पुरणारी लाट? ती सांगितलीच नाहीत.

खाडीकाठचा

तिसरी खेप, ऑक्टोबर. पाणी अकरा-बारा अंश, भांगाचा दिवस, अर्धी भरती, दक्षिणेचा हलका वारा. लाटा छातीएवढ्या, फार मोठ्या नाहीत. पस्तिसावं मिनिट. मी एक हात जास्त मारला, नेहमीपेक्षा लवकर उठलो. उजवीकडे पाहिलं तर चहाच्या रंगाची भिंत एका रेषेत उघडत चाललेली, आणि तिच्यातून खालची फरशी दिसत होती, लादीला लादी लागलेली, मधल्या सांध्यांत शेवाळ. मी काहीच केलं नाही. नुसता उभा राहिलो. ती संपली तेव्हा नदीच्या मुखाशी होतो. अजून पाच मिनिटं शिल्लक होती, पण बाहेर आलो.

कोपरीची_मावशी

भाच्याशी बोलले. पहिल्या प्रश्नाला हो म्हणाला, दुसऱ्याला थोडा थांबून हो म्हणाला. तिसऱ्याला बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, मावशी, मी डनेटलाच जातो. बहिणीला फोन करून सांगितलं. त्याला हा धागा पाठवलाय.

खाडीकाठचा

त्याला माझा शाबासकीचा निरोप द्या. मेमध्ये ऊन पडलं तरी पाणी नऊ-दहाच असतं, मुलं फसतात. हातमोजे आणि टोपी न्यायला सांगा. आणि सप्टेंबरात पुन्हा जायचं असेल तर मला कळवायला सांगा, तेव्हा पाणी सगळ्यात कमी थंड असतं. भांगाच्या तारखा मी काढून देतो.